मॅकियाव्हेली, फौज आणि नेतृत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅकियाव्हेलीचे 'द प्रिन्स' वाचताना बरेच जण बारावे, तेरावे आणि चौदावे प्रकरण चाळून पुढे जातात. त्यात सैन्याचे तपशील आहेत आणि आपल्याला हवे असते राजकारण. पुढचे बहुतेक गैरसमज इथेच सुरू होतात. मॅकियाव्हेलीच्या लेखी नेतृत्वाचा पहिला प्रश्न असा: तुमच्या राज्यात ज्यांच्या हाती शस्त्र आहे, ती माणसे कोणाची? वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॅकियाव्हेली तर कारकून होता. सैन्याबद्दल बोलायचा त्याला अधिकार काय?

निक्कोलो मॅकियाव्हेली (1469–1527) 1498 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी, फ्लॉरेन्स प्रजासत्ताकाच्या दुसऱ्या दप्तराचा सचिव झाला. युद्ध आणि परराष्ट्र व्यवहार पाहणारी दहा जणांची समिती होती, तिचेही सचिवपद त्याच्याकडे आले. पुढची चौदा वर्षे सेनापतींशी करार, पगाराची थकबाकी, वेढ्यासाठी धान्य आणि दारूगोळा, बंडाळीच्या बातम्या हे सगळे त्याच्या टेबलावरून गेले. फ्लॉरेन्सविरुद्ध उठलेल्या शेजारच्या पिसा शहराच्या वेढ्यात, छावणीत तो स्वतः राहिला. फ्रान्सच्या राजाकडे, पोपचा मुलगा आणि सेनानी चेझारे बोर्जाकडे, पोपकडे आणि सम्राटाच्या दरबारी तो वकील म्हणून गेला.

1512 मध्ये फ्लॉरेन्सचे जुने सत्ताधारी मेदिची घराणे सत्तेवर परतले आणि त्याची नोकरी गेली. फेब्रुवारी 1513 मध्ये कटाच्या संशयावरून त्याला पकडले. हात पाठीमागे बांधून दोराने वर ओढायचे आणि झटक्यात खाली सोडायचे, असा छळ झाला. सहा हिसके बसल्याचे त्याने स्वतः लिहिले आहे. नवा पोप निवडला गेल्याच्या आनंदात माफी जाहीर झाली, तेव्हा तो सुटला आणि शहराबाहेरच्या शेतावर जाऊन लिहू लागला. त्याची पुस्तके अभ्यासिकेत सुचलेली नाहीत, हे सुरुवातीलाच ध्यानात घेतलेले बरे.

२. कोणते पुस्तक आधी वाचावे? आणि 'आर्ट ऑफ वॉर' तर चिनी आहे ना?

ते वेगळे. सुन त्झूचा ग्रंथ त्याच्या जवळजवळ दोन हजार वर्षे आधीचा. इंग्रजी शीर्षक तेच असल्याने पुस्तक मागवताना घोटाळा होतो, म्हणून लेखकाचे नाव पाहून घ्या.

मॅकियाव्हेलीची तीन पुस्तके इथे कामाची. 'द प्रिन्स' 26 छोट्या प्रकरणांचे आहे. ते 1513 मध्ये लिहायला घेतले, पण छापले गेले 1532 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. रोमन इतिहासकार लिव्हीवरची 'डिस्कोर्सेस' तीन भागांत आणि 142 प्रकरणांत आहेत. तीही मरणोत्तर, 1531 मध्ये छापली गेली. 'आर्ट ऑफ वॉर' सात भागांचा संवाद आहे, आणि या तिघांत लेखकाच्या हयातीत (1521) छापला गेलेला तेवढाच.

वेळ थोडा असेल तर 'प्रिन्स'मधली 6, 7, 12 ते 14, 17, 18, 20 आणि 25 ही प्रकरणे वाचा. मग 'डिस्कोर्सेस'च्या दुसऱ्या भागातली 10, 17 आणि 24, आणि तिसऱ्या भागातले 9 वे. 'आर्ट ऑफ वॉर'चा पहिला भाग वाचनीय आहे. दुसऱ्यापासून कागद-पेन्सिल घेऊनच बसावे लागते (प्रश्न ९).

३. भाडोत्री, उसने, मिश्र आणि स्वतःचे सैन्य, यांत फरक काय?

पगार कोण देतो आणि हुकूम कोणाचा चालतो, हे दोन प्रश्न विचारले की फरक कळतो.

भाडोत्री फौजेला पगार तुम्ही देता, पण शिपाई ओळखतात त्यांच्या सरदाराला. तो सरदार तुमच्याशी करार करतो आणि मुदत संपली की दुसरीकडे जाऊ शकतो. उसनी फौज म्हणजे शेजारच्या राजाने मदतीला पाठवलेली. ती त्याचीच असते, तुमच्या अंगणात येऊन लढते एवढेच. मिश्र म्हणजे थोडे आपले, थोडे बाहेरचे. फ्रान्सचे सैन्य तसे होते. स्वतःचे सैन्य म्हणजे आपली प्रजा, आपले नागरिक किंवा आपल्यावरच अवलंबून असलेली माणसे.

पगार घेणारा प्रत्येक शिपाई भाडोत्री, असा अर्थ लावू नका. मॅकियाव्हेलीच्या योजनेतल्या नागरी शिपायालाही मोहिमेवर असताना पगार होताच. लढाई संपल्यावर तो आपल्या गावी, आपल्या नांगराकडे परत जातो की नाही, हा त्याचा मुद्दा आहे. ज्याचे पोट फक्त युद्धावर चालते, त्याला शांतता परवडत नाही.

४. भाडोत्री सेनापतींचे करार प्रत्यक्षात कसे असायचे? बिघडायचे कुठे?

कराराला इटालियनमध्ये 'कोंदोत्ता' म्हणत, म्हणून तो घेणारा 'कोंदोत्तिएरे'. त्यात किती 'लान्से' आणायचे ते लिहिलेले असे. इटलीत एक लान्सा म्हणजे साधारण तीन माणसे: चिलखती स्वार, त्याचा हत्यारबंद साथीदार आणि एक पोऱ्या. कराराची मुदत दोन टप्प्यांची असे. पहिला टप्पा पक्का, बहुधा सहा महिन्यांचा. दुसरा ऐच्छिक, म्हणजे मालकाने वेळेत कळवले तर पुढे चालू. सुरुवातीला आगाऊ रक्कम द्यावी लागे. घोड्यांची वर्णने नोंदवहीत लिहून घेत, ठरावीक काळाने हजेरी होई आणि कमी भरलेल्या माणसांचे पैसे कापले जात.

बिघाडही याच कलमांतून निघे. हजेरीच्या दिवशी शेजारच्या छावणीतून घोडे आणि माणसे उसनी आणून आकडा भरून काढत. पक्की मुदत संपत आली की सेनापती सावकाश हलू लागे, कारण शहर संकटात असेल तरच पुढचा करार चांगल्या भावात होणार. शिवाय शिपाई आणि घोडे हे त्याचे भांडवल. एका लढाईत ते संपवले तर पुढच्या हंगामात तो विकणार काय?

फ्लॉरेन्सचा पाओलो विटेल्लीशी आलेला अनुभव याचा नमुना आहे. ऑगस्ट 1499 मध्ये पिसाच्या तटाला खिंडार पडले, शिपाई आत घुसायच्या बेतात होते, आणि विटेल्लीने त्यांना थांबवले. पुढे छावणीत तापाची साथ आली आणि वेढा उठवावा लागला. 1 ऑक्टोबर 1499 रोजी फ्लॉरेन्सने त्याचे डोके उडवले. त्याने फितुरी केली की नुसती सावधगिरी बाळगली, यावर आजही वाद आहे. मॅकियाव्हेलीचा मुद्दा त्या वादापलीकडचा आहे: विटेल्लीने पिसा जिंकले असते तर फ्लॉरेन्स त्याच्या मुठीत गेले असते. म्हणजे भाड्याचा सेनापती नालायक निघाला तर तुम्ही हरता, आणि लायक निघाला तर तोच डोईजड होतो.

५. भाडोत्री फौजा खरेच इतक्या निकामी होत्या का?

नाही. इथे मॅकियाव्हेली हात सैल सोडून लिहितो. फ्लॉरेन्सच्या इतिहासात तो सांगतो की झागोनाराच्या लढाईत (1424) तिघेच मेले, तेही घोड्यावरून पडून चिखलात गुदमरून; आणि आंगियारीला (1440) एकच. समकालीन नोंदी काही वेगळेच सांगतात. आंगियारीला बऱ्याच जणांचा जीव गेला होता. त्याचे हे आकडे पुरावा म्हणून वापरू नका.

उलट उदाहरणेही भक्कम आहेत. बार्तोलोमेओ कोल्लेओनीने व्हेनिसची अनेक वर्षे चाकरी केली आणि मरताना मोठी संपत्ती व्हेनिसलाच ठेवली. इंग्रज सरदार जॉन हॉकवूडचे स्मारकचित्र फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये अजून आहे. पण फ्रांचेस्को स्फोर्झाही खरा आहे: मिलानच्या प्रजासत्ताकाने त्याला नोकरीवर ठेवले आणि 1450 मध्ये तोच मिलानचा ड्यूक झाला. व्हेनिसने आपला भाडोत्री सेनापती कार्माग्नोला याला 1432 मध्ये ठार केले, कारण तो मनापासून लढेना आणि सोडावा तर शत्रूला मिळेल अशी भीती.

त्याच्या कठोरपणाचे कारण 1494 मध्ये आहे. फ्रान्सचा आठवा चार्ल्स इटलीत उतरला आणि त्याला कोणी धड अडवलेच नाही. फ्रेंचांनी इटली खडूने जिंकली, असे तेव्हा म्हटले गेले. उतरायची घरे खडूने खुणावत जायचे, एवढेच त्यांना काम उरले होते. ज्या पिढीने हे पाहिले, तिच्याकडून तोललेल्या शब्दांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

६. मित्रराष्ट्राचे सैन्य भाडोत्रीपेक्षा वाईट का? मित्र तर आहे ना?

भाडोत्री सेनापतीला तुमच्यावर उलटायला वेळ आणि संधी लागते, कारण त्याची फौज ठिकठिकाणची गोळा केलेली असते. उसनी फौज मुळातच एकजुटीची आणि दुसऱ्याच्या हुकमात. हरली तर तुम्ही बुडालात, जिंकली तर तुम्ही तिच्या ताब्यात.

1500 मध्ये फ्रान्सच्या बाराव्या लुईने पिसा घेण्यासाठी फ्लॉरेन्सला स्विस आणि गॅस्कन शिपाई दिले. गॅस्कन छावणी सोडून निघून गेले. स्विसांनी पगारासाठी बंड केले आणि फ्लॉरेन्सच्याच अधिकाऱ्याला धरून त्याच्याकडून पैसे वसूल केले. मॅकियाव्हेली त्या छावणीत होता.

'प्रिन्स'च्या तेराव्या प्रकरणात यासाठी एक साधे चित्र आहे. गोलायथशी लढायला निघालेल्या डेव्हिडला राजा सॉल आपले चिलखत देतो. डेव्हिड ते अंगावर चढवून पाहतो आणि परत करतो. आपली गोफण आणि सुरी बरी म्हणतो. बायबलच्या मूळ गोष्टीत सुरी नाही. ती मॅकियाव्हेलीने घातली.

७. त्याने स्वतः उभारलेली नागरी सेना नेमकी कशी होती?

सप्टेंबर 1505 मध्ये पिसाच्या तटाला पुन्हा खिंडार पडले आणि फ्लॉरेन्सच्या भाडोत्री पायदळाने आत शिरायला नकार दिला. त्या हिवाळ्यात मॅकियाव्हेली मुजेल्लो आणि कासेंतिनोच्या डोंगरी खेड्यांत गावोगाव फिरून नावे लिहून घेत होता. 15 फेब्रुवारी 1506 रोजी पहिले 400 जण शहराच्या मुख्य चौकात उभे राहिले. लुका लांदुच्ची या औषधविक्रेत्याने आपल्या रोजनिशीत पोशाखासकट वर्णन केले आहे: पांढरे जाकीट, अर्धे तांबडे अर्धे पांढरे पायमोजे, पांढरी टोपी, छातीला लोखंडी कवच, हाती भाले आणि काहींकडे बंदुका. फ्लॉरेन्ससाठी याहून चांगली गोष्ट कधी झाली नाही, असे लोकांना वाटल्याचे तो लिहितो.

6 डिसेंबर 1506 च्या कायद्याने नऊ अधिकाऱ्यांचे मंडळ नेमले आणि मॅकियाव्हेली त्याचा सचिव झाला. शिपाई घरीच राहत, सुटीच्या दिवशी कवायत करत आणि मोहिमेवर निघाले की पगार घेत. भरती फक्त फ्लॉरेन्सच्या आसपासच्या खेड्यांतून झाली. अरेझ्झोसारख्या अंकित शहरांना शस्त्रे दिली तर ती बंड करतील, ही एक भीती. आणि खुद्द फ्लॉरेन्सच्या नागरिकांना शस्त्रे दिली तर प्रजासत्ताकाचा प्रमुख सोदेरिनी त्यांच्या जोरावर हुकूमशहा होईल, ही दुसरी. तुकड्यांचे कप्तान आळीपाळीने बदलायचे, म्हणजे शिपायांचा जीव कोणा एकावर जडणार नाही, हाही त्याच भीतीचा भाग.

कवायतीसाठी नेमला तो चेझारे बोर्जाचा कुप्रसिद्ध हस्तक, डॉन मिकेलेत्तो. अनेकांना ते रुचले नाही. मॅकियाव्हेलीला शिस्त हवी होती आणि शिस्त लावणारा माणूस त्याच्यापाशी दुसरा नव्हता.

ही सेना पिसाच्या भोवती नाकेबंदीला बसली, आसपासची पिके उद्ध्वस्त केली, नदीतून येणारे धान्य अडवले. 8 जून 1509 रोजी, पंधरा वर्षांच्या युद्धानंतर, पिसा शरण आले.

८. मग तीच सेना प्रातोच्या लढाईत का पळाली?

29 ऑगस्ट 1512 रोजी रामोन दे कार्दोनाच्या स्पॅनिश सैन्याने फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावावर हल्ला केला. त्यांच्याकडे वेढ्याच्या तोफा नावालाच होत्या, खायचेही वांधे होते. तटाला लहानसे खिंडार पडताच आतल्या नागरी सेनेने शस्त्रे टाकली. कत्तलीत चार हजारांवर माणसे मेली, असे मॅकियाव्हेलीने काही दिवसांनी एका पत्रात लिहिले. दोन दिवसांत सोदेरिनीचे सरकार पडले.

नाकेबंदी आणि खिंडार लढवणे ही दोन निराळी कामे आहेत. पिसाला या शिपायांनी वाटा अडवल्या. समोर उपाशी शहर होते. प्रातोला समोर आले ते त्याच वर्षी राव्हेन्नाच्या रक्तबंबाळ लढाईतून गेलेले कसलेले पायदळ. सुटीच्या दिवशीच्या कवायतीने रांग धरता येते. रांगेत शेजारचा पडल्यावर जागा न सोडणे अनुभवानेच येते. त्यात वरच्या नेमणुका भीतीपोटी कमकुवत ठेवलेल्या (प्रश्न ७), म्हणजे आणीबाणीत शिपायांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे हेच ठरलेले नव्हते. सोदेरिनी तर वाटाघाटीत वेळ घालवत राहिला.

मॅकियाव्हेलीने यावर 'आर्ट ऑफ वॉर'मध्ये उत्तर दिले आहे: एकदा हरली म्हणून सेना निरुपयोगी ठरत नाही, रोमन हरले, कार्थेजचा सेनापती हॅनिबलही हरला, रचना दुरुस्त करा, मोडू नका. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. सेनापतीला अधिकार दिला तर तो सत्ता बळकावेल आणि न दिला तर सेना लढणार नाही, या पेचावर त्याने प्रजासत्ताकासाठी चालेल असा तोडगा कधी दिला नाही.

९. 'आर्ट ऑफ वॉर'मधल्या पलटणीचा हिशेब जुळत नाही. कुठे चुकते?

बहुधा 'जादा' माणसे सुटतात. पलटण 6,000 ची. तिच्यात 10 तुकड्या, प्रत्येकी 450: त्यात 300 ढाल-तलवारवाले, 100 लांब भालेवाले आणि 50 हलके शिपाई. झाले 4,500. या दहांच्या बाहेर 1,000 जादा भालेवाले आणि 500 जादा हलके शिपाई, म्हणजे एकूण 6,000. प्रत्येक तुकडीवर एक मुख्य, त्याच्या हाताखाली चार शतपती आणि चाळीस दहापती.

भाला नऊ 'ब्राच्चा' लांबीचा, म्हणजे पाच मीटरहून अधिक. तो घोडदळ रोखतो. पण शत्रू भाल्यांच्या टोकांच्या आत शिरला की लांब काठी हातात अडकून बसते. म्हणून ढाल-तलवारवाले संख्येने जास्त. भाले स्विसांचे, ढाल-तलवार रोमनांची, असा हा मेळ. भरतीचे वय नव्याने सेना उभारताना 17 ते 40. एकदा बसलेल्या सेनेत दरवर्षी 17 वर्षांचेच घ्यायचे.

१०. त्याला तोफा-बंदुकांचे महत्त्व कळले नाही, हे खरे का?

मैदानातल्या लढाईपुरते बरेचसे खरे. तोफेचे तोंड जरा वर झाले की गोळा डोक्यांवरून जातो, जरा खाली झाले की जमिनीत घुसतो, आणि पुन्हा भरेपर्यंत पायदळ येऊन भिडते, असा त्याचा युक्तिवाद. त्या काळच्या जड तोफांबाबत त्यात तथ्य होते. पण राव्हेन्नाला (1512) तोफांनीच स्पॅनिश घोडदळाला खंदकाआडून बाहेर काढले होते, आणि पुस्तक छापल्यावर वर्षभरातच बिकोक्काला (1522) बंदुकवाल्यांनी स्विस भालेकऱ्यांची फळी कापून काढली.

तटबंदीच्या बाबतीत मात्र तो काळाच्या बरोबर होता. कितीही जाड भिंत तोफा थोड्या दिवसांत पाडतात, म्हणून तटाच्या आतल्या बाजूला खंदक खणा, हे त्याने स्पष्ट सांगितले आहे. 1526 मध्ये फ्लॉरेन्सच्या तटांची देखरेख करणाऱ्या मंडळाचे सचिवपदही त्याला मिळाले.

११. 'पैसा हा युद्धाचा कणा' हे त्याचेच वाक्य ना?

उलट. तेव्हा रूढ असलेले हे मत त्याने 'डिस्कोर्सेस'च्या दुसऱ्या भागात, दहाव्या प्रकरणात खोडून काढले. सोन्याने चांगले शिपाई मिळतीलच असे नाही, चांगले शिपाई मात्र सोने मिळवतात, असे तो म्हणतो. पैसा लागतो हे त्याला मान्य आहे, पण दुय्यम म्हणून. फ्लॉरेन्स युरोपातल्या श्रीमंत शहरांपैकी एक होते आणि शेजारचे पिसा त्याला पंधरा वर्षे घेता आले नाही, ही पार्श्वभूमी लक्षात ठेवा.

१२. किल्ले बांधावेत की नाही? 'प्रिन्स'मध्ये दोन्ही म्हटले आहे.

कसोटी एकच आहे: तुम्हाला भीती कोणाची? परक्यांपेक्षा प्रजेची जास्त भीती असेल तर किल्ला बांधा, नाहीतर बांधू नका, असे विसावे प्रकरण सांगते. लगेच पुढे तो म्हणतो की प्रजेचा द्वेष नसणे हाच उत्तम किल्ला. फोर्लीच्या कातेरिना स्फोर्झाला 1488 मध्ये, नवऱ्याचा खून झाला तेव्हा, किल्ल्याने वाचवले. जानेवारी 1500 मध्ये चेझारे बोर्जा चालून आला आणि प्रजाही उलटलेली होती, तेव्हा तोच किल्ला पडला.

मराठी वाचक इथे हमखास अडखळतो, आणि योग्यच अडखळतो. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र (1715 च्या सुमाराचे) दुर्ग हेच राज्याचे सार मानते. हा विरोध वरवरचा आहे. मॅकियाव्हेली बोलतो ते शहरातल्या बालेकिल्ल्याबद्दल, ज्याच्या तोफा आपल्याच नागरिकांवर रोखलेल्या असतात. आज्ञापत्रातला दुर्ग औरंगजेबासारख्या बाहेरून आलेल्या शत्रूसमोर राज्य तगवणारा आहे. सह्याद्रीचा कडा आणि सपाटीवरचे इटालियन शहर यांना एकच मोजपट्टी लावू नये.

१३. 'व्हिर्तू' म्हणजे सद्गुण का?

नाही, आणि तसे भाषांतर केले की अर्धे पुस्तक उलटे वाचले जाते. कर्तबगारी, धमक, वेळ ओळखून पाऊल टाकण्याची ताकद, असे मिळून तो शब्द होतो. मराठीत 'कर्तृत्व' सर्वांत जवळचा. त्याच्या समोर 'फोर्तूना', म्हणजे दैव. आपल्या कृतींपैकी निम्म्या दैवाच्या हाती, उरलेल्या साधारण निम्म्या आपल्या, असे तो पंचविसाव्या प्रकरणात म्हणतो. दैव पुराच्या नदीसारखे असते. पूर आल्यावर काही करता येत नाही. बांध घालायचे ते कोरड्या दिवसांत.

१४. प्रेमापेक्षा धाक बरा, हा त्याचा सल्ला सरसकट घ्यावा का?

अर्धेच वाक्य उचलले जाते. दोन्ही जमले तर उत्तम. एकच निवडायचे झाले तर धाक. आणि धाक असा की द्वेष निर्माण होणार नाही. द्वेष टाळण्यासाठी प्रजेच्या मालमत्तेला आणि बायकांना हात लावू नये. माणसे बापाचा मृत्यू लवकर विसरतात, वडिलोपार्जित इस्टेट गेलेली विसरत नाहीत, असे तो बजावतो.

सैन्यासाठी नियम अधिक कडक. हॅनिबलच्या फौजेत नाना जातीजमातींचे लोक होते, परक्या मुलुखात होते, तरी बंड झाले नाही, आणि त्याचे श्रेय तो हॅनिबलच्या धाकाला देतो. मवाळ रोमन सेनापती स्किपिओच्या सैन्याने स्पेनमध्ये बंड केले. ऑफिसात किंवा घरात हा सल्ला वापरू पाहणाऱ्यांनी हा फरक जरूर पाहावा.

१५. चेझारे बोर्जासारखा क्रूर माणूस त्याला आदर्श का वाटला?

कारण परावलंबी फौजेकडून स्वतःच्या फौजेकडे जाण्याचा प्रवास त्याने मॅकियाव्हेलीच्या डोळ्यांदेखत केला. आधी फ्रेंचांची उसनी फौज, मग ओर्सिनी-विटेल्ली सरदारांची भाडोत्री, शेवटी आपली. सरदारांनी कट केला तेव्हा समेटाचे नाटक करून त्याने त्यांना सेनिगालियाला बोलावले आणि 31 डिसेंबर 1502 रोजी पकडले; दोघांना त्याच रात्री गळा आवळून मारले. मॅकियाव्हेली तेव्हा फ्लॉरेन्सचा वकील म्हणून त्याच्या मुक्कामी होता.

त्याच आठवड्यातली चेझेनाची घटना वाचक सहसा विसरत नाहीत. रोमान्या प्रांतात जरब बसवण्यासाठी बोर्जाने रेमिरो दे ओर्कोला नेमले. जरब बसली, सोबत लोकांचा रागही साचला. 26 डिसेंबरच्या सकाळी रेमिरोचे दोन तुकडे केलेले प्रेत चौकात पडले होते, शेजारी लाकडी ठोकळा आणि रक्ताळलेली सुरी. लोक समाधानीही झाले आणि सुन्नही, असे मॅकियाव्हेली लिहितो.

आदर्श असला तरी हिशेब तो सोडत नाही. ऑगस्ट 1503 मध्ये बोर्जाचा बाप, पोप सहावा अलेक्झांडर, वारला. तेव्हा बोर्जा स्वतः आजारी होता, आणि आपण पूर्वी दुखावलेल्या माणसाला त्याने पोप होऊ दिले. नव्या उपकारांनी जुने घाव भरतात असे मानणे ही त्याची घोडचूक, असा निकाल सातव्या प्रकरणाच्या शेवटी आहे.

१६. 'साध्य चांगले तर साधन कोणतेही चालते' हे वाक्य कोणत्या पानावर आहे?

कोणत्याच नाही. अठराव्या प्रकरणात एवढेच आहे की जिथे दाद मागायला न्यायालय नसते, तिथे लोक राज्यकर्त्याच्या कृतीचा निकाल परिणामावरून करतात. हे निरीक्षण आहे. सरसकट परवाना नव्हे. आठव्या प्रकरणात तर तो क्रौर्याचेही दोन भाग करतो: गरजेपोटी एकदाच केलेले आणि मग थांबवलेले, आणि थोडक्यात सुरू होऊन वाढतच जाणारे. सिराक्यूजच्या अगाथोक्लीसचे यश तो मान्य करतो, पण नागरिकांची कत्तल करून सत्ता मिळते, कीर्ती मिळत नाही, हेही तिथेच नोंदवतो.

१७. युद्ध नसताना नेत्याने काय करावे, असे तो सांगतो?

शरीर आणि डोके दोन्ही तयार ठेवावे. शिकारीला जावे, म्हणजे डोंगर कसे चढतात, खोरी कुठे उघडतात, दलदल कशी असते हे पायांनी कळते. आणि इतिहास वाचावा.

यात फिलोपोईमेनचे उदाहरण फार उपयोगी आहे. हा ग्रीक सेनापती मित्रांबरोबर फिरायला गेला की मध्येच थांबून विचारी: शत्रू त्या टेकडीवर असता आणि आपण इथे, तर सोय कोणाची? रांग न मोडता त्यांच्यावर चालून कसे जायचे? माघार घ्यायची तर कोणत्या वाटेने? ते मागे हटले तर पाठलाग कसा करायचा? मग मित्रांची मते ऐके, आपले मत कारणांसह सांगे. हे चार प्रश्न आजच्या कुठल्याही आपत्ती-नियोजनाच्या बैठकीत जसेच्या तसे मांडता येतील.

१८. तो राजेशाहीचा की प्रजासत्ताकाचा? दोन पुस्तके दोन तोंडांनी बोलतात.

नेतृत्वापुरते उत्तर 'डिस्कोर्सेस'च्या तिसऱ्या भागातल्या नवव्या प्रकरणात आहे. माणसाचा स्वभाव बदलत नाही, काळ बदलतो. रोमचा फाबियस सावध आणि संथ. हॅनिबल इटलीत मुसंडी मारत होता तेव्हा तोच हवा होता. पुढे आफ्रिकेत जाऊन घाव घालायची वेळ आली, तेव्हाही फाबियसचा विरोधच होता. रोममध्ये राजा असता आणि तो राजा फाबियस असता, तर युद्ध हरले असते. प्रजासत्ताक होते, म्हणून स्किपिओला पाठवता आले.

सोदेरिनी सोशिक होता. काळ सोशिकपणाचा होता तोवर त्याचे आणि शहराचे बरे चालले, पुढे तो स्वतःसह शहराला घेऊन बुडाला. कोणत्या पुस्तकातला मॅकियाव्हेली 'खरा', यावर विद्वानांत एकमत नाही. नव्या सत्तेच्या पायाभरणीसाठी एक माणूस आणि टिकण्यासाठी अनेक, अशी वाटणी 'डिस्कोर्सेस' स्वतःच सुचवतात, आणि ती आम्हाला पटते.

१९. कौटिल्याचा अर्थशास्त्र ग्रंथ वाचून त्याने हे लिहिले का?

शक्यच नाही. अर्थशास्त्राचे हस्तलिखित विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूरला उजेडात आले आणि 1909 मध्ये छापले गेले. तुलना मात्र करण्यासारखी आहे. कौटिल्य सैन्याचे सहा प्रकार मोजतो: मौल (पिढीजात), भृत (पगारी), श्रेणी (संघांचे), मित्र, अमित्र (शत्रूकडचे) आणि आटविक (रानातल्या टोळ्यांचे), आणि आधीचा प्रकार नंतरच्यापेक्षा चांगला मानतो. पिढीजात मौल सैन्य वर, मित्राकडून आलेले त्याच्या बरेच खाली, हा क्रम प्रश्न ३ आणि ६ शी जुळतो. फरक असा की कौटिल्य सहाही प्रकार कधी वापरायचे ते सांगतो. मॅकियाव्हेली भाडोत्री आणि उसने या दोघांना दारातूनच परत पाठवतो.

२०. त्याच्या काळात त्याला विरोध कोणी केला?

सर्वांत जाणता विरोधक त्याचा मित्रच होता: फ्रांचेस्को ग्विच्चार्दिनी (1483–1540), ज्याने पोपच्या राज्यात प्रांतांचा कारभार आणि सैन्याचा हिशेब प्रत्यक्ष सांभाळला. ऊठसूट रोमनांचे दाखले देणारे चुकतात, असे त्याचे म्हणणे. ते शहर आणि त्याची परिस्थिती आपल्यापाशी असेल तरच दाखला लागू. 1525 मध्ये मॅकियाव्हेली पुन्हा खेड्यापाड्यांतून सेना उभारण्याचा आग्रह धरत होता, तेव्हा ती शस्त्रे आपल्याविरुद्धच वळतील, ही भीती ग्विच्चार्दिनीने पुढे केली.

२१. त्याला स्वतःला कवायत घेता येत होती का?

मात्तेओ बांदेल्लो या कथाकाराने याबद्दल एक प्रसंग लिहून ठेवला आहे. सेनापती जोव्हान्नी दे मेदिचीच्या छावणीत मॅकियाव्हेलीने आपल्या पुस्तकातली रचना तीन हजार पायदळावर करून दाखवायला घेतली. दोन तास उन्हात गोंधळ चालला, रांगा लागेनात. शेवटी जोव्हान्नीने त्याला बाजूला बोलावले, नगारे वाजवायला सांगितले आणि तेच शिपाई हवे तसे उभे करून, फिरवून दाखवले. बांदेल्लो गोष्टी रंगवून सांगणारा आहे, पण जोव्हान्नीची पारख मॅकियाव्हेलीलाही होती. मार्च 1526 मध्ये एका पत्रात त्याने सुचवले होते की याच माणसाच्या हाती झेंडा द्यावा आणि लागेल तितके पायदळ-घोडदळ त्याच्याभोवती जमू द्यावे. नोव्हेंबरमध्ये जोव्हान्नी तोफेचा गोळा लागून मांत्वाला मरण पावला. मे 1527 मध्ये पगार थकलेल्या शाही फौजेने रोम लुटले, आणि 21 जूनला मॅकियाव्हेली गेला.